कर्णिकबाई आणि चौथा भाग

मुलांच्या पुस्तकांच्या कुठल्याही मालिकेचा पहिला भाग कर्णिकबाईंपुढे ठेवला, तर त्या तो हातातसुद्धा घेत नसत.

"पहिला भाग सगळेच जीव ओतून लिहितात गं," त्या म्हणायच्या. "लग्न ठरेपर्यंत मुलगा किती गोड बोलतो, तसं आहे ते. मला चौथा आणून दे. चौथ्यापर्यंत लेखक कंटाळलेला असतो, प्रकाशक घाईला आलेला असतो आणि पोरं आता कुठं जातायत, असं दोघांनाही वाटत असतं. तिथंही जो पोरांना फसवत नाही, त्याची मालिका घ्यायची."

हे चौथे भाग आणून द्यायचं काम माझ्याकडे होतं. कारण बाई राहायच्या चौथ्या मजल्यावर आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. मी त्याच बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर राहायचे, बँकेत नोकरी करायचे आणि माझे गुडघे शाबूत होते. एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली होती.

मीरा रोडला तेव्हा तळमजला आणि वर चार अशा बिल्डिंगा ओळीनं उभ्या होत्या. आमच्या सी विंगमध्ये बिल्डरनं लिफ्टसाठी जागा सोडली होती, फक्त लिफ्ट बसवायची राहिली होती. त्या पोकळीच्या तळाशी गणपतीच्या मांडवाचे बांबू, दोन मोडक्या सायकली आणि कुणाचा तरी फुटका कमोड असा ऐवज साठलेला होता. कर्णिकांनी दादरची खोली विकून हा फ्लॅट घेतला तेव्हा बाई महापालिकेच्या शाळेतून नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. चौथा मजला निवडला तो कर्णिकसाहेबांनी. वर हवा छान येते म्हणाले. दोन वर्षांत ते गेले आणि बाई वर राहिल्या. "हवा येते हो," त्या सांगायच्या, "ते खोटं नाही बोलले. हवाच येते."

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मुग्धामुळे, माझ्या मुलीमुळे. ती तिसरीत होती. तोपर्यंत बाईंच्या पायाला जमीन लागून तीन वर्षं होत आली होती. मधे एकदा त्यांना खुर्चीत बसवून दवाखान्यात नेलं होतं. परतताना वर चढवणाऱ्यांपैकी एकाच्या कंबरेत उसण भरली, तो आठवडाभर आडवा झाला. तेव्हापासून बाईंनी कुणाकडे शब्द टाकला नाही. डॉक्टर घरी यायचे, भाजी टोपलीतून वर जायची आणि मासळी घेऊन समुद्रकाठच्या पाली गावची कोळीण फिलूबाय चार जिने चढून जायची.

पुढच्या खोलीत लोखंडी मांडण्या लावून त्यांनी मुलांचं वाचनालय सुरू केलं होतं. दर शनिवारी चार ते सहा. खिडकीला बाहेर काढलेली ती पिंजऱ्यासारखी ग्रिल, जी मीरा रोडला प्रत्येक घराला असते, तिच्यात लोक तुळस ठेवतात; बाईंनी तिथं परत आलेली पुस्तकं उन्हाला ठेवलेली असायची. प्रत्येक मुलाला एका वेळी दोन पुस्तकं मिळत, एक गोष्टीच्या मालिकेतलं आणि एक माहितीच्या मालिकेतलं. दोन्ही परकराच्या जुन्या नाडीनं एकत्र बांधलेली. त्यातलं एकच हवं म्हटलं तर मिळत नसे.

बी विंगमधल्या एक आई तक्रार घेऊन वर आल्या होत्या. "बाई, आमच्या आर्यनला फक्त नॉलेजवाली बुक्स द्या ना. स्टोरीजमध्ये नुसता टाइमपास होतो."

"देते की," बाई म्हणाल्या. "ज्वालामुखीचं देते. डोंगर कसा फुटतो ते त्यात सगळं आहे. पण डोंगराच्या पायथ्याला कोण राहत होतं ते त्यात नाही. ते कळलं नाही तर डोंगर फुटला काय आणि फटाका फुटला काय, त्याला सारखंच." आणि नाडीची गाठ न सोडता त्यांनी दोन्ही पुस्तकं आर्यनच्या हातात दिली. त्याच्या आईनं ती मुकाट्यानं पिशवीत टाकली.

काही पोरांनी एक युक्ती काढली होती. भाजीच्या टोपलीत जुनी पुस्तकं टाकायची, खालून ओरडायचं, "बाई, ओढाऽऽ!" आणि नवी त्याच टोपलीतून मागवायची. बाई जुनी वर ओढून घ्यायच्या आणि टोपली रिकामी खाली सोडायच्या. "पुस्तक हवं असेल तर वर यायचं. पुस्तक म्हणजे काय कोथिंबीर आहे?" मला ही शिस्त वाटायची. एकदा परीक्षांमुळे दोन शनिवार लागोपाठ कुणी आलं नाही, तेव्हा मी वर गेले तर बाई दारातच खुर्ची टाकून जिन्याकडे तोंड करून बसलेल्या. मग मला शिस्तीचा अर्थ कळला.

माहितीच्या मालिकांना चौथ्या भागाची कसोटी पुरत नसे. तिथं त्यांची दुसरी पद्धत होती. पुस्तक ज्या विषयाचं, त्या कामातलं माणूस गाठायचं आणि त्याच्याकडून ते तपासून घ्यायचं. शरीराच्या मालिकेसाठी डॉक्टरांबरोबर येणारा कंपाउंडर, इंजिनाच्या पुस्तकासाठी आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला इस्माईल. तपासून झालं की मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीनं नोंद व्हायची, "तपासलं : इस्माईल, रिक्षा." शाळेचे इन्स्पेक्टर शेरा मारतात त्याच अक्षरात.

समुद्रावरची आठ भागांची एक मालिका मी मोठ्या हौसेनं नेली होती. गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत चित्रं. बाईंनी ती फिलूबायपुढे ठेवली. फिलूबायला वाचता येत नव्हतं. तिनं हात लुगड्याला पुसले आणि पानं उलटायला सुरुवात केली. एका पानावर थांबली.

"बाय, ह्यो काय हाय?"

"बोंबील," मी खालचं नाव वाचून म्हटलं.

"ह्यो बोंबील?" फिलूबाय हसत सुटली. "असा ताठ? काठीवानी? अगो, बोंबील कंदी ताठ असतो काय? हातात घेतला तर लोंबतो त्यो. ह्या चित्र काढनाऱ्यानी सुका बगला असंल दुकानात, वल्ला बगलेलाच न्हाय."

बाईंनी पुढचं पान वाचून दाखवलं. त्यात कोळी रोज संध्याकाळी सूर्य मावळताना जाळी घेऊन घरी परततात असं लिहिलं होतं. "रोज सांजचे?" फिलूबाय म्हणाली. "पानी काय घड्याळ बगून येतंय? भरती-ओहोटीवर जाल्याचा टायम असतो. ह्या मानसाला एक डाव पालीला आन, बाय. मी दावते त्याला."

मालिका परत गेली. बाईंनी प्रकाशकाला दोन पानी पत्र लिहिलं, खाली परीक्षक म्हणून फिलोमिना, पाली असं नाव घातलं. उत्तर आलं नाही. पण त्यानंतर फिलूबाय चार जिने चढून आली की टोपली उतरवायच्या आधी विचारायची, "नवं पुस्तक हाय काय दर्याचं?" पापलेट मागाहून दाखवायची.

मलाही त्यांनी एकदा असंच तपासून घेतलं. दिवाळीच्या सुटीत भाईंदरला एका हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं. मला बाईंची सक्त सूचना असे, चौथा भाग काढायचा, मधलं पान उघडायचं आणि उभ्या उभ्या चार पानं वाचायची. पुढचं पान उलटावंसं वाटलं तरच आणायचं. विक्रेता वैतागायचा. "मॅडम, पहला पार्ट तो देखो, चौथा अकेला कौन लेता है?" त्या वर्षी माझ्या घरी पाहुणे यायचे होते. मी एका हेरकथांच्या मालिकेचा चौथा भाग नुसतं मुखपृष्ठ बघून उचलला आणि बाईंना नेऊन दिला.

"वाचलंस मधलं?"

"हो तर. छान आहे."

बाईंनी पुस्तक मधोमध उघडलं. बांधणीत कापायचं राहून गेलं होतं, तिथली आठ पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. ती कुणी वाचणं शक्यच नव्हतं. बाईंनी स्वयंपाकघरातून भाजीची सुरी मागितली, मीच ती आणून दिली, त्यांनी एकेक पान शांतपणे सोडवलं आणि माझ्यासमोर बसून आठही पानं वाचली. मग म्हणाल्या, "बरं आहे. नशीबवान आहेस." मला त्या जागी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण धरणीसुद्धा चार मजले खाली होती.

त्या हेरकथांतला नायक मुलांना फार आवडला. मुग्धानं बाराही भागांचा फडशा पाडला. एकदा तिनं बाईंना विचारलं, "आजी, हा पहिल्या भागात बारा वर्षांचा होता आणि बाराव्या भागात पण बाराच वर्षांचा कसा?"

"लेखकानं त्याला ठेवलंय तसा," बाई म्हणाल्या. "सुटका केली तर पुढचा भाग कसा निघणार? बिचारा चोर पकडतो, बक्षीस घेतो, पुन्हा तिथंच. मी पण तशीच आहे की नाही? तू तिसरीतली पाचवीत गेलीस आणि मी अजून चौथ्यावर." मुग्धा हसली. बाईही हसल्या, पण मग बराच वेळ त्या ग्रिलमधल्या पुस्तकांची जागा बदलत राहिल्या.

मी प्रदर्शनाहून आले की बाई आधी पुस्तकांचं विचारत नसत. "आत शिरल्यावर डाव्या हाताला काय होतं? टेबलं कशी लावली होती? मुलांची पुस्तकं खाली ठेवली होती की वर? पोरं होती का? हात लावू देत होते का त्यांना?" मी सांगत जायचे आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. एकदा मधेच म्हणाल्या, "वंदना, मला एकदा तिथं जायचंय. माझ्या पायांनी. एकेक पुस्तक उचलायचं, वाचायचं, परत ठेवायचं. तो विक्रेता कंटाळून घरी जाईपर्यंत. दुसरं काही मागणं नाही माझं."

दोन हजार पाचच्या आसपास लिफ्टचा विषय निघाला. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्यांनी अर्ज दिला आणि सेक्रेटरी साटमांनी जनरल बॉडी बोलावली. रविवारी सकाळी, खाली कंपाउंडात, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. लिफ्ट नाही म्हणून जिला खाली येता येत नाही, तिच्या लिफ्टची सभा आम्ही खाली भरवली. हे त्या वेळी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

घर माझ्या नावावर होतं, कारण कर्ज माझ्या बँकेचं होतं. तेव्हा मतही माझंच. सकाळी चहा घेताना नवरा म्हणाला होता, "पहिल्या मजल्याला काय करायचीय लिफ्ट? बटण दाबेपर्यंत आपण घरी पोचतो." मी म्हटलं, "बाईंसाठी." तर म्हणाला, "बाईंसाठी सगळेच करतील. तू कशाला पुढे होतेस? होईल पास." मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं.

सभेला सव्वीस जण होते. साटमांनी नियम वाचून दाखवला, दोन तृतीयांश, म्हणजे अठरा हात हवेत. तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "अरे भाई, हम लिफ्ट से कहाँ जाएँगे, पाताल में?" सगळे हसले, मीही हसले. मग साटम म्हणाले, "जे बाजूनं आहेत त्यांनी हात वर करा," आणि मोजायला लागले.

तेवढ्यात वरून आवाज आला. "साटम! माझाही धरा!"

सगळ्यांनी माना वर केल्या. चौथ्या मजल्यावरच्या ग्रिलमधून एक हात बाहेर आला होता. गजांमधून कोपरापर्यंत काढलेला, सरळ वर केलेला.

"बाई, हजर सभासदांचंच मत धरता येतं," साटम खालून ओरडले. "तुम्ही खाली या, मग धरतो." बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. ते चाचरले, म्हणाले, "म्हणजे, आधी लेखी द्यायला हवं होतं ना." मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

वरचा हात खाली गेला नाही. साटमांनी मोजणी पुरी केली. माझे दोन्ही हात मांडीवर होते. ते तिथं का होते याची मी पुढे पुष्कळ कारणं तयार केली. पण त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं, की बाकीचे आहेत. सोळा हात झाले. ठराव दोन मतांनी नामंजूर.

माझ्या शेजारी गालाभाभी बसल्या होत्या, समोरच्या फ्लॅटमधल्या. खुर्च्या उचलताना मला म्हणाल्या, "तुम हाथ उठाती तो मैं भी उठाती ने. मैं तो तुमको ही देख रही थी." दोन हवे होते, ते दोन आम्हीच होतो.

पुढच्या शनिवारी वर जायला मला जड झालं. पण गेले. मुलं निघून गेल्यावर मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी..."

"पाहिलं मी," बाई म्हणाल्या. "वरून तोंडं दिसत नाहीत, भांग दिसतात. तुझा वाकडा असतो."

"रागावलात?"

"रागावले म्हणजे काय! तुझं तोंड बघू नये असं वाटलं. अजूनही वाटतंय." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात, वहीत तारखा घालता घालता सांगितलं. "पण रागवायला आधी चालता यावं लागतं, वंदना. दार आपटून निघून जायला पाय लागतात. मी तुझ्याशी बोलणं टाकलं तर दिवाळीत प्रदर्शनाला कोण जाईल? फिलू? तिला आकडे वाचता येत नाहीत. तेव्हा बस. यादी लिहून घे."

मी यादी लिहून घेतली. माझं अक्षर कधी नव्हे इतकं नीट आलं.

त्यानंतरची दोन वर्षं बाई माझ्याशी होत्या तशाच वागल्या. चहा द्यायच्या, मुग्धाला लाडू द्यायच्या, मी आणलेल्या चौथ्या भागांवर वाद घालायच्या. एका शब्दानं तो विषय काढला नाही. कुणाला वाटेल माफ केलं त्यांनी. मला माहीत होतं की माफ केलेलं नाही आणि मला माहीत आहे, हे त्यांनाही माहीत होतं. एखादा शनिवार चुकवावासा वाटायचा, पण चुकवण्याची सोय मला तरी कुठं होती? मी चुकवला असता तर त्या तिथंच दाराकडे बघत बसल्या असत्या. प्रदर्शनात मी आता चार-चार पानं खरोखर वाचू लागले, मग आठ, मग आख्खा भाग. विक्रेता मला ओळखायला लागला. साटमांकडे मी लिफ्टचा विषय दोनदा नेला. पहिल्यांदा म्हणाले, नामंजूर झालेला ठराव वर्षभर आणता येत नाही. दुसऱ्यांदा पाण्याची टाकी गळत होती.

मग नाशिकहून अजित, बाईंचा मुलगा, आला. त्यानं तिकडं बैठं घर घेतलं होतं. फाटक, अंगण, एकही पायरी नाही. बाईंनी आठ दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. पुस्तकांचं काय करायचं हे फिलूबायनं ठरवलं. पालीच्या शाळेत पाठवायची. मासळीच्या टेम्पोतून चार खेपांत ती गेली. "पुस्तकांना वास लागेल की," साटम म्हणाले. "लागू दे," बाई म्हणाल्या, "तिथली पोरं ओळखतील तरी." नाड्या मात्र त्यांनी सगळ्या सोडून, गुंडाळून, स्वतःच्या बॅगेत ठेवल्या.

निघायच्या सकाळी त्यांना लाकडी हातांच्या खुर्चीत बसवलं. अजित, साटम, इस्माईल आणि वॉचमन असे चौघे. जिन्यात सगळी पोरं उभी होती. मी पहिल्या मजल्यावर माझ्या दारात पाण्याचा तांब्या आणि पेले घेऊन उभी राहिले, कारण उचलणाऱ्यांना दम लागणार होता.

वरून आवाज येत होते. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकत होती. तिसऱ्यावर बाईंनी खानांच्या म्हाताऱ्या अम्मीचे हात हातात धरून ठेवले. दुसऱ्यावर, बी विंगमधून निरोपाला आलेल्या आर्यनच्या आईला म्हणाल्या, "त्याला अजून पोहायला घातलं नाहीस ना? घाल." मुग्धा आता आठवीत होती; ती त्यांच्या खुर्चीसोबत उतरत होती आणि बाई तिला काहीतरी सांगून हसवत होत्या.

मग खुर्ची माझ्या मजल्यावर आली. साटम घामानं निथळत होते. त्यांनी माझ्या दारासमोर खुर्ची टेकवायला घेतली.

"इथं नको," बाई म्हणाल्या.

"बाई, जरा दम घेऊ दे हो."

"खाली घ्या. एकच मजला राहिलाय."

मी पेला पुढे केला होता. बाईंनी त्याकडे पाहिलं नाही आणि माझ्याकडेही नाही. समोरच्या भिंतीवर विजेचे मीटर होते, तिकडे बघत राहिल्या. मी "बाई" म्हटलं. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांची मान किंचित ताठ झाली, आणि चौघांनी खुर्ची पुन्हा उचलली.

दोन वर्षं त्या माझ्याशी नीट बोलल्या होत्या. आता त्यांना त्याची गरज उरली नव्हती. मुग्धा वळणावर थांबून माझ्याकडे बघत होती, काय झालं ते तिला कळेना. मी तिला हातानंच खुणावलं, तू जा.

खाली कंपाउंडात टाळ्या वाजल्या. बाई उभ्या राहिल्या असाव्यात. मग गाडीचं दार लागलं.

मला फार लागलं ते. पण त्या क्षणी त्यांना माझा राग करता आला, याचं मला मनापासून बरंही वाटलं. मी पेल्यातलं पाणी परत तांब्यात ओतलं आणि आत गेले.